शेवईएवढं फुप्फुस

उषाबाई नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या गल्लीत अजून कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं दवाखान्यात आहेत, कुणी म्हणतं रक्त तपासतात. सासूबाई होत्या तोवर त्या आल्यागेल्याला ठणकावून सांगायच्या, "आमची सून मान्साचं मांस कापती," आणि समोरची बाई चहाचा कप तसाच खाली ठेवायची. म्हातारीला त्यात भारी मजा वाटायची. बरं, ते खोटंही नव्हतं. जालन्यात जुन्या मोंढ्याजवळ पहिल्या मजल्यावर एक लॅब आहे, तिथं उषाबाई गेली सव्वीस वर्षं माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे कापतात. आतड्याचे, गर्भाशयाचे, गळ्यातल्या गाठीचे, फुप्फुसाचे. केसाच्या जाडीत वीस काप बसावेत इतके पातळ.

लॅबमध्ये त्या लागल्या होत्या काचा धुवायला. शिक्षण दहावी नापास, तेही गणितात आणि इंग्रजीत असं दोन्हीकडून. लॅब काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना एका वैशाखात त्यांनी घरच्या शेवयांचा डबा नेऊन दिला. डॉक्टरांनी झाकण उघडलं, एक शेवई उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही मशीनवरची का हो?"

"मशीन कशाला पायजे? हाताला काय धाड भरली का माझ्या?" उषाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना मायक्रोटोमपुढे बसवलं. मायक्रोटोम म्हणजे काप काढायचं यंत्र. तुकडा आधी मेणात बसवून त्याची वडी करायची, तिला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात. यंत्राचं चाक एकदा फिरवलं की ब्लॉक कणभर पुढे सरकतो, पात्यावर घासतो आणि एक पापुद्रा सुटतो. पापुद्र्याला पापुद्रा चिकटून पट्टी होते. ती उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद वर घ्यायची. शिंक आली की सकाळचं काम पाण्यात. त्या वेळी तिथं शिकून आलेला एक टेक्निशियन होता. त्याला जी पट्टी जमायला दोन वर्षं लागली होती ती उषाबाईंना तीन आठवड्यांत जमली. तो पुढे नोकरी सोडून गेला. उषाबाईंमुळे गेला असं कुणी म्हणत नाही, पण उषाबाई अधूनमधून सुचवतात.

रंगवलेला काप भिंगातून पहिल्यांदा पाहिला तो दिवस मात्र त्या फुशारकी न मारता सांगतात. कुण्या अनोळखी म्हाताऱ्याच्या आतड्याचा काप होता. आत गुलाबी आणि जांभळ्या रंगाची बारीक नळकांडी, रांगेला रांग लावून, हजारोंनी. एकही वाकडं नाही.

"डॉक्टर, हे कोन करतं?"

"कुणी नाही. आपोआप होतं."

"आपोआप काय व्हतंय? घरात तांब्याबी जाग्यावर जात न्हाई आपोआप."

त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वेगळाच दिसायला लागला. हातगाडीवाला, सायकलवरून चाललेला मास्तर, भांडणाऱ्या दोन बाया. सगळ्यांच्या आत ती नळकांडी रांगेत उभी होती आणि ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता. उषाबाई एरवी तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी भाजीवालीशी घासाघीसही केली नाही. इतकं मोठं काही आपण पाहिलं आणि ते सांगायला आपल्याजवळ शब्द नाहीत, याचं त्यांना रडू आलं होतं.

तर अशा ह्या उषाबाई. सव्वीस वर्षांत त्यांनी किती तुकडे कापले त्याला गणती नाही, पण फुप्फुसाचा तुकडा त्यांना मेणात असतानाच कळतो. सुरुवातीच्या वर्षांत फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे पुरुषमाणूस, साठीच्या आसपासचा, बिडी ओढून बोटं पिवळी झालेला, थुंकीत रक्त पडलं म्हणून आलेला. गाठ मधल्या मोठ्या नळीत. काप रंगवला की पेशींची एकात एक गुलाबी कडी, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी. दुसरा एक प्रकार होता, त्यातल्या पेशी गडद निळ्या, चिमट्याच्या नुसत्या दाबानंही काजळासारख्या फिसकटणाऱ्या. तो काप निघाला की मोठे डॉक्टर चष्मा काढून ठेवायचे. त्या माणसाचं नाव लॅबमध्ये सहसा परत ऐकू यायचं नाही.

तिसरा प्रकार तेव्हा वर्षातून एखाददुसरा यायचा. त्यात पेशी गोल करून बसलेल्या असतात, मधे पोकळी ठेवून, ग्रंथीसारख्या. गेल्या दहा-बारा वर्षांत हाच वाढत गेला, आणि उषाबाईंच्या लक्षात आलं की बाटल्यांवरची नावं बदलली आहेत. बायकांची नावं. अंबडची, परतूरची, भोकरदनकडची. जन्मात बिडीला हात न लावलेल्या बाया. गाठ मधे नसते, फुप्फुसाच्या कडेला असते, आणि कडेची गाठ बोलत नाही. ती कळते तेव्हा छातीत पाणी झालेलं असतं नाहीतर पाठीच्या मणक्यात दुखायला लागलेलं असतं. आणखी एक गोष्ट: त्यातल्या बहुतेक जणींनी आधी सहा-सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. आपल्याकडे खोकला म्हणजे टीबी, छातीच्या फोटोत पांढरा डाग म्हणजे टीबी, बाई वाळली म्हणजे टीबी. डॉक्टरांना तरी काय बोल लावणार, टीबीही काही कमी नाही इथं.

ह्या टीबीच्या धाकानंच लॅबचा एक रिवाज पडला होता. फुप्फुसाचा तुकडा आला की दोन काप नेहमीच्या रंगाचे आणि लगेच चार काप टीबीचे जंतू दाखवणाऱ्या लाल रंगाचे. डॉक्टरांनी सांगायची वाट बघायची नाही. मोठ्या डॉक्टरांनीच घालून दिलेली पद्धत, आणि त्या काळी ती बरोबर होती.

मोठे डॉक्टर थकले, मग त्यांच्या सूनबाई, डॉक्टर तृप्ती, लॅब बघू लागल्या. यंदा संक्रांतीनंतर त्यांनी उषाबाईंना समोर बसवून सांगितलं, "फुप्फुसाचा तुकडा आला की आधी फक्त एक काप. रंगवा, मला दाखवा. मी सांगेपर्यंत पुढे काही कापायचं नाही. उरलेल्या तुकड्यावर आता औषध ठरतं."

"तुकड्यावर औषध?"

तृप्ती मॅडमनी समजावलं. ह्या बायकांच्या गाठीत पुष्कळदा एक बटण अडकून बसलेलं असतं, पेशीला वाढ म्हणणारं. ते सुटत नाही म्हणून पेशी वाढतच राहते. त्या बटणावर आता गोळी निघाली आहे. रोज एक, घरी बसून. पण ते बटण आहे की नाही हे बघायला पुण्याच्या लॅबला कमीत कमी आठ कोरे, न रंगवलेले काप पाठवावे लागतात. उषाबाई तोंडात बोट घालायच्या बाकी राहिल्या. इतकी वर्षं त्या जे कापून, रंगवून, उरलेलं डब्यात टाकत आल्या होत्या, त्यात कुणाकुणाचं बटण पडून राहिलं असेल, हा विचार त्यांनी केला आणि लगेच बाजूला ठेवला. तो विचार धरून बसलं तर हात चालत नाही.

माघातल्या एका मंगळवारी आदिनाथ नावाचा तिशीतला मुलगा बाटली घेऊन आला. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला. बाटलीत त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा तुकडा. सुईनं काढलेला, बोटाच्या पेराएवढा लांब आणि शेवईएवढा जाड. काउंटरवर उषाबाईच होत्या. आदिनाथ बाटली सोडायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

टेंभुर्णीच्या पलीकडे त्यांची वस्ती. पिढीजात मेंढरं राखणारं घर; आता वीसेक मेंढ्या आणि थोडी शेती. वडील आबाराव दिवसाला दोन बंडल बिड्या ओढणारे. आईला गेल्या उन्हाळ्यापासून कोरडा खोकला. घरात सगळ्यांचं एकमत झालं की हा खोकला बिडीचा. आता बिडी ओढतो कोण? आबाराव. मग फोटो काढायचा कोणाचा? आबारावांचा. खोकतेय बाई आणि टेम्पोत बसवून जालन्याला नेला नवरा. छाती अगदी साफ निघाली. सगळे आनंदानं घरी आले, झुंबरबाईंनी खोकत खोकत पुरणाचा स्वयंपाक केला.

"हासू नका मावशी," आदिनाथ म्हणाला.

"हासत न्हाई रं. पुढं सांग."

पुढे महिन्यानं आईचा फोटो निघाला, त्यात डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिने लघवी केशरी झाली, खोकला होता तिथंच. वजन छत्तीस किलोवर आलं. मग संभाजीनगरला मोठा स्कॅन, मग सुई. सुईनं फुप्फुसाला छिद्र पडलं, छातीत हवा भरली, नळी घालून सहा दिवस ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की परत सुई घालायची हिंमत होणार नाही, आणि ह्या वजनात सलाईनमधून द्यायचं कडक औषधही सोसणार नाही.

"मंग हेच हाय म्हना," आदिनाथनं बाटलीकडे बोट केलं.

उषाबाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

आणि एवढं ऐकूनही बुधवारी सकाळी त्यांनी घोळ घातला. त्या दिवशी अकरा ब्लॉक होते. उषाबाईंचं डोकं दुसरीकडे होतं, म्हणजे सून माहेरी गेली होती आणि नवरा, वसंता, सकाळी बिनडब्याचा कामावर गेला होता. हात आपला चालला होता. फुप्फुस दिसलं. दोन काप. मग चार काप. मधल्या दोन-तीन पट्ट्या पाण्यावर फाटल्या त्या टाकल्या. लाल रंगाची काच गरम करायला घेतली तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. जित्याची खोड म्हणतात ती ही. सव्वीस वर्षांचा शहाणा हात, त्यानंच दगा दिला.

दुपारी तृप्ती मॅडमनी पहिला काप पाहिला. पेशी गोल करून बसलेल्या. "तोच प्रकार आहे," त्या म्हणाल्या. "ब्लॉक आणा. पुण्याला पाठवायचं बघू."

उषाबाई ब्लॉक घेऊन उभ्या राहिल्या आणि पुढे करेनात. मॅडमनी हात लांबवला, ब्लॉक उजेडात धरला. मेणात जिथं शेवई होती तिथं आता नुसता ओरखडा दिसत होता.

"टीबीचे काप काढले?"

"काढले."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं, मॅडम. हात गेला."

तृप्ती मॅडम चिडल्या असत्या तर उषाबाईंना बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि हलक्या आवाजात हिशेबवार सांगितलं. परत सुई नाही. रक्तातूनही ते बटण बघता येतं, पण रक्तात नाही सापडलं म्हणून ते नाहीच असं म्हणता येत नाही. राहतो तो हा ओरखडा. आणि त्यातली मेख उषाबाईंना कुणी सांगायला नको होती. यंत्रातून एकदा काढलेला ब्लॉक परत बसवला की त्याचं तोंड पात्याशी पहिल्यासारखं कधीच जुळत नाही. ते जुळवायला आधी दहा-पंधरा काप वाया घालवावे लागतात. ब्लॉकमध्ये सगळे मिळून दहा-पंधराच उरले होते.

संध्याकाळी आदिनाथ रिपोर्ट विचारायला आला. मॅडम त्याला आत बोलावणार होत्या, पण उषाबाईंनीच त्याला जिन्यात गाठलं.

"तुझ्या आईचा तुकडा मी जास्तीचा कापला. सांगितलं असून कापला. चूक माझी हाय, दुसऱ्या कुनाची न्हाई. आता थोडा उरलाय. त्यातून निघालं तर गोळीचं कळंल."

आदिनाथनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"कधी कापनार?"

"उद्या सकाळी."

"मंग म्या येतो. बाहीर बसतो."

दुसऱ्या दिवशी तो रात्रपाळी संपवून तसाच आला आणि बाकावर बसला. उषाबाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, नवं पातं घातलं. ब्लॉक बर्फावर ठेवून गार केला. मग तो यंत्रात बसवला आणि चाकाला हात न लावता खाली वाकल्या. ब्लॉकचं तोंड आणि पात्याची धार यांच्यामधून मागच्या दिव्याच्या उजेडाची एक फट दिसते. फट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर ब्लॉक तिरका आहे. दोन्हीकडे सारखी दिसली तर जुळला. पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण त्या भानगडीत कुणी पडत नाही. चार काप जाऊ द्यायचे आणि मोकळं व्हायचं, अशीच रीत.

उषाबाई मागचे स्क्रू पाव पाव फिरवत फट बघत राहिल्या. डावीकडून जाड. थोडं सोडलं. आता खालून जाड. डोळ्याला पाणी आलं, पदरानं पुसलं, परत वाकल्या. पाऊण तास गेला. तृप्ती मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांना कळलंही नाही. शेवटी उजेडाची फट सरळ झाली, डावीकडून उजवीकडे आणि वरून खालीही, सुताएवढाही फरक नाही.

मग त्यांनी तोंड ब्लॉकजवळ नेलं आणि हलकेच वाफ सोडली, हाऽऽ करून, थंडीत हातावर सोडतात तशी. वाफेनं मेण कणभर फुगतं आणि पहिला काप चाक न दामटता निघतो. सव्वीस वर्षांत हे त्यांनी हजारदा केलं असेल. आज मात्र मनात आलं की आपण कुणाच्या तरी फुप्फुसावर श्वास सोडतोय.

चाक फिरलं. पहिला काप अर्धा निघाला, एका कडेचा. तो मॅडमसाठी, आत अजून गाठीच्या पेशी आहेत का हे बघायला. दुसऱ्यापासून पूर्ण. एक. दोन. तीन. पट्टी पात्यावरून खाली उतरत होती, ती इतकी नाजूक की उषाबाईंनी श्वास धरला होता. पाच. सहाव्याला कड थोडी मुडपली, त्यांनी ब्रशच्या टोकानं सोडवली. आठ. नऊ. दहाव्या फेरीला पात्यावर आलं ते स्वच्छ मेण होतं, आत काही नव्हतं.

त्यांनी पट्टी पाण्यावर सोडली. काळ्या भांड्यातल्या कोमट पाण्यावर नऊ खिडक्या उलगडल्या, आणि प्रत्येकीत धुक्यासारखी एक रेघ. एका बाईचं फुप्फुस तिथं तरंगत होतं आणि ती बाई पन्नास किलोमीटरवर वस्तीवर खोकत होती. उषाबाईंनी एकेक काच बुडवून नऊच्या नऊ वर घेतल्या. मग त्या बाहेर येऊन आदिनाथच्या शेजारी बसल्या.

"निघालं?"

"निघालं. नऊ."

"किती पायजे व्हते?"

"आठ."

अर्धा काप रंगवून मॅडमनी तासाभरात पाहिला. पेशी होत्या. काचा पुण्याला गेल्या.

सोळा दिवस उषाबाईंनी देवाला काही मागितलं नाही. त्यांचं म्हणणं, चूक आपण करायची आणि निस्तरायला देवाला लावायचं, हे बरं दिसत नाही. सतराव्या दिवशी तृप्ती मॅडम फोन हातात घेऊन आतून आल्या.

"सापडलं."

"बटन?"

"बटण. गोळी आहे त्याला."

उषाबाई तिथंच स्टुलावर बसून रडल्या. त्यांना कुणी गप्प केलं नाही.

गोळी सुरू झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी मॅडमनी संगणकावर दोन स्कॅन शेजारी शेजारी लावून उषाबाईंना दाखवले. पहिल्यात गाठ मोठ्या लिंबाएवढी. दुसऱ्यात बोराएवढी. मॅडम स्वतः शिकलेल्या, असली चित्रं पुस्तकांत कितीदा पाहिलेल्या, पण त्याही एका चित्रावरून दुसऱ्याकडे आणि परत पहिल्याकडे बघत होत्या. रोज सकाळी एक गोळी, पाण्याबरोबर. उषाबाईंनी विचारलं, "आता बरी झाली म्हनायची का?" मॅडम म्हणाल्या, नाही. ही गोळी कुणाला वर्षभर साथ देते, कुणाला तीन वर्षं. मग आजार वाट काढतो, मग पुढचं औषध बघायचं. पण आज ती जेवते आहे.

वैशाख लागला. ऊन मी म्हणत होतं. लॅबच्या जिन्यात बांगड्या वाजल्या आणि दारात एक सडपातळ बाई येऊन उभी राहिली, डोईवर पदर, मागे आदिनाथ.

"माझं फुप्फुस तुमच्यापाशी हाय म्हने," ती म्हणाली. "बघू द्या."

झुंबरबाई होत्या त्या. आबारावही आले होते, पण खाली हॉटेलात थांबले. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो ते प्रत्येक डॉक्टरला विचारून चुकले होते: माझ्या बिडीनं झालं का? प्रत्येकानं सांगितलं होतं की बिडीनं असेल, चुलीनं असेल, कशानंच नसेल. त्या उत्तरानं माणूस निर्दोषही सुटत नाही आणि त्याला शिक्षाही होत नाही. त्यांनी बिडी मात्र सोडली होती.

उषाबाईंनी झुंबरबाईंना भिंगापुढे बसवलं. पण त्याआधी जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं.

"अक्का, पहिल्यांदा तुमचा तुकडा मी वाया घातला व्हता. पोरानं सांगितलं आसंल."

"सांगितलं."

"मंग?"

झुंबरबाईंनी पदर सारखा केला. "मेंढी कातरताना कधी कधी कातडीला लागतं. कितीबी हात बसलेला असूं द्या. तिला हळद लावायची आन उरलेली नीट कातरायची. अर्ध्यात सोडून पळाला तर त्यो वाईट कातरनारा." मग त्या भिंगाकडे वळल्या. "कुटं डोळा लावू?"

उषाबाईंनी दाखवलं, चाक फिरवून चित्र नीट केलं. झुंबरबाई वाकल्या. मग म्हणाल्या, "हे जांभळं जांभळं गोल करून बसलंय, ते?"

"तोच आजार."

"दिसायला तर वंगाळ न्हाई." त्या बघत राहिल्या. "आन हे काळे ठिपके?"

"धूर. चुलीचा. आत जाऊन बसतो, मंग निघत न्हाई."

"कवापासूनचा?"

"लगीन झाल्यापासूनचा आसंल. त्याच्याबी आधीचा."

झुंबरबाईंनी डोळा काढला नाही. "एवढ्या भाकरी केल्या व्हय म्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आदिनाथ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

उषाबाईंना वाटलं, झालं, आता उठतील. पण त्यांचा स्वतःचाच हात पुढे गेला आणि त्यांनी काच थोडी सरकवली. कापाच्या एका टोकाला सुईबरोबर गाठीबाहेरचं थोडं फुप्फुस आलं होतं. रिपोर्टात त्याची एक ओळही नसते. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून मॅडमही त्याच्यावरून पुढे जातात, आणि सव्वीस वर्षांत उषाबाईही जात आल्या होत्या.

"हे बघा."

भिंगाखाली नुसत्या पोकळ्या होत्या. गोल, लांबट, एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या भिंती इतक्या बारीक की त्या आहेत की नाहीत असं वाटावं. फुंकर घातली तर मोडतील अशा. त्या भिंतींमधून ह्या बाईनं अठ्ठावन्न वर्षं श्वास घेतला होता, मेंढरांमागं धावताना, चुलीपुढं बसताना, आदिनाथच्या वेळी कळा देताना.

"हे कुनाचं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"तुमचंच. चांगलं."

"चांगलंबी हाय आत?"

"लई हाय, अक्का. जास्ती तेच हाय."

खोकला लागून एक वर्ष झालं होतं. एवढ्या वर्षात झुंबरबाईंना फोटो दाखवले होते, स्कॅन दाखवले होते, बोट ठेवून डाग दाखवले होते. हे कुणी दाखवलं नव्हतं. त्या भिंगावर तशाच वाकून राहिल्या. खांदे हळूच वर गेले आणि खाली आले. त्यांनी खोल श्वास घेऊन पाहिला होता. मग त्यांनी उषाबाईंचा हात काचेवरून बाजूला केला.

"काच हालवू नका," त्या म्हणाल्या. "हेच बघू द्या जरा येळ."

आदिनाथ म्हणाला, चारची बस आहे. उषाबाईंनी त्याला खुणेनं गप्प केलं आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसल्या.